तीन कपाळांची गौर

फोटोंवरून कुठल्याही वस्तूची हुबेहूब प्रतिकृती काढता येते आणि मला तर ती फारच सहज येते.

आमच्या घराण्यात गौरीचा पितळी मुखवटा एकच. एक वर्ष आमच्याकडे बोरिवलीला, एक वर्ष काकूकडे मुलुंडला. यंदा पाळी काकूची. आईचे गुडघे आता तिला मुलुंडपर्यंत जाऊ देत नाहीत, त्यामुळे ती आठवडाभर गप्प गप्प होती. मला ते बघवेना. म्हटलं, "आई, तुला दुसरी गौर करून देतो. अगदी अश्शीच!"

"फोटोंवरून?" धाकटी बहीण सायली हसली. ती अंधेरीत यंत्रांचे सुटे भाग लेझरने मोजते (आणि घरी मला नजरेने). "दादा, पितळ चमकतं रे. मी ऑफिसमधून स्कॅनर आणते ना!"

"लेझर तुझ्या नटबोल्टांना ठीक आहे. फोटोत चेहऱ्यावरचे भाव येतात, भाव!"

माझी पद्धत सोपी होती. वस्तू जागची हलवायची नाही, बदलायची नाही. मोबाइलने चहूबाजूंनी सव्वाशे फोटो काढायचे. ते सांधून कॉम्प्युटर आकार तयार करतो. मी मोबाइल पुसून आलो, तर टेबलावर मुखवटा आरशासारखा लखलखत होता. आईने चिंच लावून घासला होता!

"आई, हे काय केलंस?"

"अरे, फोटो काढतलंस ना? मगे देवी लखलखीत दिसाक नको?"

आता गौरीच्या गालांत मी, पंखा आणि खिडकी दिसत होतो. पण जाणकार माणूस माघार घेत नाही. चाळिसाव्या फोटोनंतर मला फोन आला, मी बाल्कनीत गेलो. तेवढ्यात आई तिथून गेली. समोर गौर आणि कपाळ मोकळं? तिने कुंकू लावलं. नव्वदाव्या फोटोनंतर मी चहा प्यायलो. तिने फूल वाहिलं आणि नथ घातली. मला काही कळलं नाही, कारण मी फक्त कोन बघत होतो!

थ्रीडी प्रिंटरवर प्लॅस्टिकची गौर छापून आली ती तीन कपाळांची. नथ अर्धी गालातून उगवलेली. आईने सवयीने हात जोडले आणि मग हळूच सोडले.

"वाट लागली ना?" म्हणत सायलीने स्कॅनर काढला. चकाकीपुढे लेझरही गडबडला. पडद्यावर गौरीच्या गालांना भोकं! मी टाळीच वाजवली. "बघ, बघ!" तिने शांतपणे मुखवट्यावर टाल्कम पावडर थापली, चकाकी झाकली आणि बजावलं, "आई, दहा मिनिटं हिला हात लावायचा नाही हं." आई दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली. दहाव्या मिनिटाला काम फत्ते, आणि त्यावरून छापलेली गौर अगदी हुबेहूब आली.

काकू मुखवटा न्यायला आली. तिने आधी पितळी गौर आणि मग सायलीची नवी गौर हातात घेऊन बघितली.

"वहिनी, ही हलकी आहे हो. माझ्या मनगटांना आता पितळ कुठे पेलतंय? मी हीच नेते. जुनी राहू दे तुमच्याकडेच."

आईला रडू कोसळलं. मलाही भरून आलं. तरी मूळ कल्पना माझी होती, हे मी तिथल्या तिथे सगळ्यांना सांगितलं. कोणी ऐकलं नाही.

माझी प्रतिकृती वाया गेलेली नाही. "ही काय देवी नव्हे," असं ठरवून आईने ती नजर लागू नये म्हणून दाराबाहेर टांगली आहे. तेव्हापासून घराला कुणाची नजर लागलेली नाही. फक्त रोज संध्याकाळी कुलूप उघडताना तिच्या कर्त्याची दातखीळ बसते!