लिओंतीनकाकूंची लाल पेन्सिल

आमच्या मोंतोब्राकची माणसं मोजायचं काम कित्येक वर्षं लिओंतीनकाकूंकडे होतं. जनगणना आली की भर जानेवारीत त्या वरच्या पठारापासून दरीतल्या बंद गिरणीपर्यंत फॉर्म घेऊन फिरायच्या. त्यांच्या आजीच्या वेळी इथे चारशे माणसं होती. आता निम्म्या शेतांत चेस्टनटचं रान माजलंय आणि गावभट्टीत वर्षातून एकदाच पाव भाजतात.

आमच्या गावातल्या आयांना एक खोड आहे. ल्योंला गेलेला मुलगा, पॅरिसला दिलेली लेक, सगळ्यांची नावं त्या फॉर्मवर बिनदिक्कत लिहितात. काकू लाल पेन्सिलीने ती खोडायच्या आणि वर ऐकवायच्या, "नाताळात दोन रात्री झोपून जातो, तेवढ्याने गावचा होत नाही तो." माझ्या मुलाचं, तेओफीलचं नावही असंच खोडलं. मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नव्हते.

पण चर्चसमोरच्या दगडापाशी आल्या की या कडक बाईचा आवाज बदलायचा. पहिल्या महायुद्धात गेलेल्या गावच्या सदतीस पोरांची नावं त्यावर आहेत, त्यांत काकूंचे दोन चुलते. जिवंत माणसं या दगडावरच्या नावांपेक्षा कमी होता कामा नयेत, एवढंच त्यांचं मागणं होतं.

ऑक्टोबरात त्या पडल्या, खुबा मोडला आणि लेक त्यांना तुलूझला घेऊन गेली. जाताना पेन्सिल माझ्या हातात ठेवली.

या जानेवारीत मी फिरले. आयांनी लिहिलेली नावं खोडली, शिव्याही खाल्ल्या. दोनदा मोजलं. छत्तीस.

काकूंच्या दाराशी गेले आणि सवयीने कडी वाजवली. खिडक्या बंद होत्या. मला त्यांची फार आठवण आली. तिथेच पायरीवर बसून मी एक फॉर्म भरला.

संध्याकाळी त्यांचाच फोन आला. कशी आहेस वगैरे काही नाही, थेट आकडा विचारला.

"सदतीस," मी म्हटलं.

त्या मनातल्या मनात घरं मोजत असणार.

"कुणाला धरलंस गं?"

"तुम्हाला."

"अगं, मी तिथे झोपते का? खोडून टाक."

मी बरं म्हटलं आणि पेन्सिल शोधायला उठले.

"आज नको," काकू म्हणाल्या. "उद्या खोड."