वास येतो, साहेब

शेजारच्या काकूंच्या धंद्याला खोडा मी घातला, हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत काकूंना कळलं असतं, म्हणून तिला तर मुळीच नाही.

काकू नारायण पेठेत एका भाड्याच्या खोलीत थालीपिठाची आणि चकलीची भाजणी करून विकत. हाताखाली तीन बायका. आयटी कंपन्या आल्या, घरोघरी धान्य भाजायला कोणाला वेळ उरेना, आणि काकूंची भाजणी पुरेनाशी झाली. नेमकी तेव्हाच मालकानं ती जागा बिल्डरला दिली. मग काकूंनी ठरवलं, कर्वेनगरातल्या आपल्याच बंगल्याच्या तळमजल्यावर सगळं हलवायचं. पण राहत्या घरात धंदा म्हणजे पालिकेची परवानगी आली. ती नाही मिळाली तर भाजणी बंद.

जागा बघायला पालिकेचे साहेब आले ते भर दुपारी, पुण्यात कोणी कोणाकडे जात नाही अशा वेळी. काकूंकडचं बघून झाल्यावर शेजाऱ्यांचं मत घ्यायला ते माझ्या फाटकाशी आले. माझ्या गच्चीवर पत्र्याची खोली होती, विनापरवाना. तीत नागपूरकडची, आयटीतली दोन मुलं भाड्यानं राहत होती.

"काही हरकत?" असं साहेब विचारताहेत तोवर त्यांतला एक टॉवेल गुंडाळून कठड्याशी आला.

"काका, पानी गेलं ना जी!"

"भाचा," मी साहेबांना म्हणालो.

मागून दुसरा आला. "काका, मोटार लावा ना!"

"हाही भाचाच?"

"हो. दुसऱ्या बहिणीचा."

"आणि दोघंही मामाला काका म्हणतात?"

मी शाळेत मराठी शिकवायचो. पुतण्या हा शब्द मला येत होता. वेळेवर आठवला नाही, इतकंच.

साहेब जिन्याकडे वळले. पहिल्या पायरीवर त्यांचा पाय पडला आणि मी बोलून गेलो, "साहेब, वास येतो."

ते थांबले. "कसला?"

"भाजणीचा."

वास येत होता हे खरंच. काकू घरी थोडं थोडं भाजून बघत होत्या, आणि त्या वासानं आमच्याकडे पानं लवकर घेतली जात. खमंग वास येतो, असं म्हणायला तीनच अक्षरं जास्त लागली असती. ती मी गिळली.

"त्रास होतो?"

"आता शेजारधर्म म्हटल्यावर बोलायचं कसं?"

बोलायचं कसं म्हणताना मी सगळं बोललो होतो. साहेब पायरी उतरले, काहीतरी टिपून घेतलं आणि गेले.

सुनावणीला काकूंनी मलाच सोबत नेलं. "सर, तुमची भाषा चांगली. मी तोंड उघडलं की भांडणच होतं."

आम्हाला बघून साहेब म्हणाले, "या मामा. भाचे काय म्हणतात?"

"बरे आहेत."

"पाणी आलं?"

"आलं."

काकू माझ्या कानाशी लागल्या, "अहो, घरोब्याची ओळख दिसतेय तुमची! आधी नाही का सांगायचं?"

साहेबांनी निर्णय सांगितला. पुड्या भरायला परवानगी, भाजायला नाही. वासाबद्दल शेजाऱ्यांची तक्रार आहे.

"कोणत्या शेजाऱ्यांची?" काकूंनी विचारलं.

साहेब माझ्याकडे बघत राहिले. मी खोकलो. बराच वेळ खोकलो. काकूंनी मला पाणी आणून दिलं.

भाजायचं काम मग शहराबाहेरच्या एका शेडमध्ये गेलं. काकूंना रोज तिथं जाणं झेपेना. माल कधी कच्चा, कधी करपलेला येऊ लागला, जुनी गिऱ्हाइकं तुटली आणि धंदा बसला. तिघी बायका दुसरीकडे कामाला लागल्या.

तक्रार कोणाची, याचा छडा काकूंनी आपला आपण लावला. पलीकडच्या बंगल्यात एक निवृत्त बँक मॅनेजर राहायचे. "त्यांना उदबत्ती सोसत नाही, भाजणी काय सोसणार!" काकू म्हणाल्या. मी मान हलवली. त्या मान हलवण्यातून हो निघत होतं की नाही, हे मी त्यांच्यावर सोडलं. तेव्हापासून मॅनेजरांशी बोलणं बंद. मला मात्र दर दिवाळीला घरच्या चकल्यांचा डबा, आणि वर, "माझ्या बाजूनं तुम्ही एकटे उभे राहिलात, सर." चकल्या फार सुरेख असतात. मी त्या खातो.

मॅनेजर वारले तेव्हा काकू गेल्या नाहीत. बायको म्हणाली, "किती हा राग धरायचा माणसानं!" मी पेपर वाचत होतो. निदान हातात तरी होता.

काकू अजून शेजारीच राहतात. ऐकूही स्वच्छ येतं त्यांना, त्यामुळे तीही सबब नाही. तक्रार मी केली होती आणि मॅनेजरांनी काहीही केलेलं नव्हतं, हे काकूंना समोर बसून सांगणं माझ्याकडे बाकी आहे.