चांगुणाची डावी चप्पल

"चपला बाहेर काढून ये," मी म्हटलं.

"काढल्या की मावशी," दारातली बाई म्हणाली. डाव्या पायात तिची चप्पल तशीच होती.

सकाळचे अकरा वाजले होते. बाकं भरलेली. मी नुकतीच लादी पुसली होती. डोकं फिरलं माझं.

"मग ही कोणाची? सासूची?"

तिनं खाली बघितलं. "आगो बाय, ऱ्हायलीच की!" ती हसली. बाकावरची माणसंही हसली. मीसुद्धा. चप्पल बाहेर टाकून ती भिंतीला टेकून बसली. मी तिला अडतिसावा नंबर दिला.

पनवेलला एसटी स्टँडच्या मागे आमच्या डॉक्टरबाईंचा दवाखाना आहे. मी तिथली मावशी. शाळा चौथीपर्यंत. मावशीचं काम म्हणजे लादी पुसणं, केसपेपर काढणं, नंबर देणं आणि लोकांची बोलणी खाणं. नंबर म्हणजे पत्र्याचा बिल्ला. चाळीस बिल्ले आहेत. संपले की मी "उद्या या" म्हणते. येणाऱ्यांतल्या निम्म्यांना थकवा असतो. कंबर दुखते, झोप येत नाही, चक्कर येते. मलाही येते. पण मी बिल्ला घेऊन बसले तर लादी कोण पुसणार?

ही चांगुणा समुद्रकाठच्या करंज्याची. पन्नाशीची. बंदरावर मासळी सुकवते, बाजारात विकते. दोन गाड्या बदलून यायची, तोवर बिल्ले संपलेले असायचे. तीन वेळा असं झालं. पायाला मुंग्या येतात, थकवा येतो, म्हणायची. तिन्ही वेळा मी ड्रॉवरमधून सॅम्पल काढून तिच्या हातात ठेवलं. सॅम्पल म्हणजे औषध कंपनीचा माणूस डॉक्टरांना फुकट देऊन जातो ते. आमच्याकडे व्हिटॅमिनच्या गोळ्यांचा ढीग असायचा. रिकाम्या हाताने परत पाठवलं की माणूस भांडतो. एक स्ट्रिप दिली की गप जातो. ही माझी युक्ती. बाईंना माहीत नव्हती.

थोड्या वेळाने लादीवर डाग दिसला. दारापासून चांगुणापर्यंत ओला, पिवळट. पुसायला वाकले तर वास आला.

"पाय वर कर गं."

तिनं केला. अंगठ्याच्या खाली काळं पडलं होतं, आणि त्यात काहीतरी रुतलेलं. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. काटा होता.

"हा कधी लागला?"

"कंचा?" तिनं पाय हातात धरून वळवला. बराच वेळ बघत राहिली. "ह्यो तं शिंगाल्याचा हाय."

शिंगाळा हा मासा. त्याचा काटा लागला की धडधाकट गडी बोटीत लोळण घेतो, हे करंज्याच्या बाईला मी काय सांगणार? तिचंच तोंड उतरलं. "मावशी, मना कललंच नाय," ती हळू म्हणाली. आता कोणी हसत नव्हतं.

मी तिला दंडाला धरून उठवलं आणि आतल्या दाराकडे नेलं. तेवढ्यात पनवेललगतच्या करंजाडे कॉलनीतले एक साहेब उभे राहिले. रिपोर्टांची फाईल घेऊन ते दर महिन्याला येतात.

"ओ मावशी, बारा नंबर माझा आहे. मी नऊपासून बसलोय."

"काय होतंय तुम्हाला?"

"व्हिटॅमिन डी दाखवायचंय. बॉर्डरवर आलंय."

"मग बसा तिथेच बॉर्डरवर."

"ही काय पद्धत झाली? मी मॅडमना सांगणार!"

"सांगा. आत गेल्यावर सांगा."

बाईंनी पाय बघितला. बोट टोचून शुगर बघितली. आकडा बघून दुसरं बोट टोचलं. मग त्यांनी मला दार लावायला सांगितलं.

"चांगुणाबाई, शुगर फार वाढलीय. बरेच दिवस वाढलेली असणार. त्यानं पायाची जाण गेली. म्हणून काटा कळला नाही. काही औषध चालू आहे?"

"हाय ना." तिनं कमरेची पिशवी उघडली आणि तीन स्ट्रिपा टेबलावर ठेवल्या. दोन संपलेल्या, एक अर्धी. "मावशीनंच दिल्या. लय चांगल्या हायेत. जरा बरं वाटतं."

चांगुणा माझी तारीफ करत होती. बाईंनी स्ट्रिप उलटी करून बघितली.

"ही तीन वेळा आली होती?"

"नंबर संपले होते," मी म्हटलं.

"नंबर कोण देतं?"

बाईंनी हॉस्पिटलला चिठ्ठी लिहिली. चांगुणा मला विचारत होती, "पाय काढतील काय गो? मी उभी कशी ऱ्हानार बाजारात?" मला खोटं बोलता येत नाही. "माहीत नाही," म्हटलं, आणि तिच्यासोबत रिक्षात बसले. हॉस्पिटलमध्ये पुन्हा रांग होती. तिथल्या मावशीने मला सांगितलं, "थांबा, नंबर येईल." मी तिला चांगुणाचा पाय उघडून दाखवला. मग तिनं स्ट्रेचर मागवलं.

डावा अंगठा गेला. पाय राहिला. आधी आली असती तर अंगठाही राहिला असता, असं बाई म्हणाल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, म्हणजे मलाच म्हणाल्या.

चांगुणा आता दर महिन्याला येते. इन्सुलिन घेते. बाजारात स्टूल टाकून बसते. माझ्यावर तिचा राग नाही. येताना सुके बोंबील आणते. मी घेते, पण ते खाताना बरं वाटत नाही.

ड्रॉवरची चावी मी बाईंना देऊन टाकली. नंबर अजून मीच देते. ज्याचं दुखतं तो ओरडतो, आणि त्याचं काम होतं. न दुखणाऱ्याला मलाच शोधावं लागतं. म्हणून मी आता दारातच स्टूल टाकलंय. लोक चपला काढतात तेव्हा त्यांच्या पायांकडे बघते. करंजाड्याचे साहेब विचारतात, "मावशी, चपलांवर लक्ष ठेवताय का?"

मी हो म्हणते आणि त्यांना बिल्ला देते.