डावीकडचं दार

"परत. नीट उघड."

जुहूच्या मोठ्या हॉटेलच्या दारात साहेब मला म्हणाले. मी अँबॅसिडर थांबवली होती, उतरलो होतो, पुढून वळसा घालून मागचं डावीकडचं दार उघडलं होतं. पण त्यांचे पाहुणे पायऱ्यांवर उभे होते आणि मला उशीर झाला होता. उशीर म्हणजे किती? हँडब्रेक ओढायला लागतो तेवढा. साहेबांनी पाय बाहेर टाकलाच नाही. मला दार बंद करायला लावलं, पुन्हा माझ्या जागेवर जाऊन बसायला लावलं. मग परत उतर, परत वळसा, परत दार. पाहुणे हसायला लागले. साहेब उतरले आणि कोट सारखा करत त्यांना म्हणाले, "शिकवावं लागतं यांना."

यांना. मी तर एकटाच उभा होतो. म्हणजे माझा मेलेला बाप, माझी आई, गोवंडीची आमची अख्खी गल्ली साहेबांनी त्या पायऱ्यांपुढं रांगेत उभी केली. मी मान खाली घातली आणि गाडी पार्किंगला नेली. राग आला होता. पण रागापेक्षा दुसरंच काहीतरी जास्त आलं होतं. मला पक्या आठवला आणि मी जळून खाक झालो.

पक्या माझा धाकटा भाऊ. त्याला गाडी मी शिकवली, मित्राच्या टॅक्सीवर, देवनारच्या मोकळ्या रस्त्याला. क्लच कुठला नि ब्रेक कुठला हे ज्याला मी सांगितलं, तो टॅक्सी मारता मारता बस-ट्रकचं हेवी लायसन काढून मोकळा झाला. लाल बसवर लागला. अंगात खाकी, छातीवर पितळी बिल्ला. मी मात्र बाप गेल्यावर घर चालवायला साहेबांच्या बंगल्यावर चिकटलो, तो तिथंच. माझं लायसन साध्या गाडीचं. आई पूर्वी मासळीची मधली तुकडी माझ्या ताटात वाढायची. आता ती पक्याच्या ताटात जायला लागली. माझी बायकोसुद्धा शेजारणींना सांगायची, आमचे भाऊजी बसवर आहेत. नवरा कशावर आहे ते सांगायची नाही. माझ्या पोटात दुखायचं. खोटं कशाला बोलू?

एकदा अंधेरीच्या नाक्यावर आमच्या गाडीपुढं बस उभी होती. माणसं चढत होती. साहेबांना घाई. "हॉर्न दे," म्हणाले. दिला. परत दिला. बस हलेना. चालक खिडकीतून हात बाहेर टाकून निवांत बसला होता. हात ओळखीचा. पक्याच होता तो. कंडक्टरची घंटी वाजेपर्यंत जागचा हलायचा नाही. साहेब घड्याळ बघतायत, चडफडतायत आणि माझा भाऊ त्यांना थांबवून ठेवतोय, ते पण त्याला माहीत नसताना. मला खरं तर आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही. मला ती जागा पाहिजे झाली. तसली दुसरी नाही, त्याचीच.

कारण माझी जागा कसली होती? साहेबांच्या मॅडम गाडीत बसल्या की पहिलं वाक्य, "आरसा वर कर." माझी नजर त्यांच्यावर पडायला नको म्हणून मागचं दाखवणारा आरसा छताकडं. मागून काय येतंय ते देवाला माहीत. ठोकली असती तर चूक माझीच.

ठरवलं, हेवी काढायचं. पक्या म्हणाला, दादा, मी शिकवतो. मी नको म्हटलं. धाकट्यापुढं शिकाऊ होऊन बसू? घाटकोपरच्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. पहाटे तिथं, नंतर बंगल्यावर. स्कूलची बस म्हणजे खटारा, गियर बदलायचा तर क्लच दोनदा दाबायचा, नाहीतर अशी करकरायची की रस्त्यावरची माणसं वळून बघायची. उस्ताद शिव्या द्यायचा, पण मला त्या गोड लागायच्या. कारण तो क्लचला शिव्या द्यायचा, माझ्या जातकुळीला नाही. हळूहळू हात बसला. एवढं मोठं धूड माझ्या मनगटावर वळायला लागलं. वाटलं, आता मधली तुकडी परत माझ्या ताटात.

टेस्टचा दिवस आला. आरटीओच्या मैदानात रांग लागलेली. पक्या सुट्टी टाकून आला होता. मी बोलावलं नव्हतं. इन्स्पेक्टर माझ्या डाव्या बाजूला, दाराजवळच्या सीटवर बसला. मी बस काढली. वळवली. रोवलेल्या खुंट्यांमधून रिव्हर्स घेतला, एक खुंटी पडली नाही. चढावर उभी केली, उचलली, वीतभर मागं गेली नाही. इन्स्पेक्टर मान डोलवत होता. मग म्हणाला, "बस, इथं थांबव."

थांबवली. हँडब्रेक ओढला. आणि मी उतरलो.

कुणी सांगितलं नव्हतं. इंजिन चालू होतं. मी उडी मारून उतरलो, पुढून वळसा घातला, डावीकडचं दार उघडलं आणि मान खाली घालून उभा राहिलो.

आधी कुणाला कळलंच नाही. मग रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अरे, हा बंगल्यावरचा ड्रायव्हर!" आणि अख्खं मैदान हसलं. इन्स्पेक्टर हसला नाही. त्यानं मला विचारलं, "गाडी चालू ठेवून खाली उतरलास. बस माणसांनी भरलेली असती तर काय केलं असतंस?"

नापास. बरोबर केलं त्यानं. भरलेली बस मी वाऱ्यावर सोडली असती, एका माणसाचं दार उघडायला.

पक्या पण हसला नव्हता. घरी जाताना रस्त्यात म्हणाला, "दादा, तू उतरलास कशाला?"

चिडवत नव्हता. त्याला खरंच कळलं नव्हतं. तो कुणाचं दार उघडायला कधी उतरलाच नव्हता, त्याला कसं कळणार? मी आजवर त्याच्यावर जळलो, पण त्या क्षणी जळलो तसा कधीच नाही. बिल्ल्यावर नाही, पगारावर नाही. त्याच्या पायांवर. त्याचे पाय त्याचे होते. माझे साहेबांनी घेतले होते आणि मला पत्ता नव्हता. अपमान विसरलो होतो मी, पायांनी तो पाठ केला होता.

दुसऱ्या दिवशी मुलुंडला कुणाचंतरी लग्न होतं. हॉलसमोर सनई, गर्दी, फेटे. मी गाडी थांबवली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. पाय उतरायला बघत होते. मी ते दाबून धरले.

मागून साहेबांचा आवाज आला. "दार?"

"तुमच्या हाताशीच आहे, साहेब."

मागच्या गाड्या हॉर्न द्यायला लागल्या. साहेब आधी माझ्या मानेकडं बघत राहिले असणार, मग हँडल शोधायला लागले. वर ओढलं, खाली दाबलं. शेवटी उघडलं एकदाचं. खिडकीशी येऊन म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस." मी म्हटलं, "उद्या कशाला?" किल्ली त्यांच्या हातात दिली आणि चालायला लागलो.

घरी सांगितलं तेव्हा बायको रडली. आई म्हणाली, हातचं सोडून पळत्याच्या मागं लागलास. खरंच होतं ते. लायसन नाही, नोकरी नाही. पक्या म्हणाला, मी बघतो घराचं थोडे दिवस, तर त्याच्यावरही भडकलो. त्याच्या ताटात मधली तुकडी बघून माझा घास अजून अडकतोय. अडकू दे. पहाटे उठून घाटकोपरला गेलो आणि उस्तादला सांगितलं, टेस्ट परत द्यायचीय, बस काढा.

परत नापास होईन. क्लच चुकला म्हणून होईन, चढावर गाडी मागं गेली म्हणून होईन, खुंटी पाडली म्हणून होईन. पण कुणाचं दार उघडायला खाली उतरलो म्हणून यापुढं मला कुणी नापास करणार नाही.