पळपुट्याचं वावर

जूनचा दुसरा मंगळवार. सकाळचे सव्वाअकरा. वडनेर भोलजीपासून जीपनं अर्ध्या तासावरचं गाव. गावाचं नाव आज लिहीत नाही, कारण तिथलं माझं काम अजून संपलेलं नाही.

हजर: तलाठी, टेबलामागे. बापूसाहेब, वय अठ्ठ्याहत्तर, गावातले सगळ्यात मोठे जमीनदार, खुर्चीत. मी आणि माझी भाची प्राची, उभ्या. आणि पायरीवर शांताबाई, वय ऐंशीच्या वर, सातबाऱ्याचा उतारा घ्यायला आलेली. तिला कोणी हजेरीत धरलं नव्हतं. मी धरते.

"कोनाची वं तू?" बापूसाहेबांनी मला विचारलं.

मी बावन्न वर्षांची. चिखलीच्या एका शाळेत वरिष्ठ लिपिक. तिथं शिपायापासून अध्यक्षापर्यंत कोणी मला एकेरीत बोलत नाही. मी आजोबांचं नाव सांगितलं.

ते तलाठ्याकडे बघून हसले. "म्हंजे पळपुट्याची नात." मग काठी नदीच्या दिशेला केली. "ते बांधाचं वावर पाह्यलं ना साहेब तुमी? पळपुट्याचं वावर. हरबरा लय पिकते तिथं."

तलाठीही हसला. नवीन बदलून आलेला पोरगा. त्याला ते नुसतं शेताचं नाव वाटलं.

मी हसले नाही. पण बोललेही नाही. हे लिहून ठेवलं पाहिजे. पहिल्यांदा मी गप्पच बसले. कारण काम होतं.

काम असं. प्राचीला नर्सिंगला प्रवेश मिळतो आहे. जात पडताळणीसाठी मूळ गावातल्या दोन वयस्कर माणसांचा जबाब हवा, की हे कुटुंब इथलंच. मुदत महिनाअखेर. मी घरूनच यादी करून निघाले होते. रेशनकार्ड, शाळेचा दाखला, वंशावळ, फोटो, शाईचा पॅड. कोणत्याच कामाला मी दुसरी खेप घालत नाही. फाइलमध्ये सगळ्यात वर होता पस्तीस वर्षांपूर्वीचा जबाब. माझ्या प्रवेशाच्या वेळी वडिलांनी याच गावातून नेलेला.

"बरं झालं," तलाठी म्हणाला. "हाच नमुना धरू. मी वाचतो, सांगा बरोबर आहे का."

तो वाचत गेला. नाव, जात, पिढ्या. मी मान हलवत होते. चौथ्या ओळीत त्यानं वाचलं: "सदर कुटुंब स्वखुशीने गाव सोडून गेले."

माझी मान थांबली.

तो कागद मी किमान दहा वेळा झेरॉक्स केला असेल. दर वेळी बघितलं ते एवढंच. सही आहे, शिक्का आहे, तारीख आहे. बरोबरची खूण करायची आणि पुढचा कागद. चौथी ओळ मी कधी वाचलीच नव्हती. दुसऱ्यांच्या अर्जात काना-मात्रा पकडणारी मी.

आम्ही कसे गेलो ते मला पाठ आहे. त्या पट्ट्यात विहिरीचं पाणी खारं. पिकाला घातलं तर पीक जळतं. नदीकडची पडीक जमीन वतनात आजोबांकडे होती, कारण ती दुसऱ्या कोणाला नको होती. आजोबा-आजीनं तीन उन्हाळे खपून उताराला आडवा बांध घातला. माती टोपलीनं. पावसाचं गोड पाणी बांधाला अडून मुरायला लागलं, खार खाली बसला, आणि त्या जमिनीत हरबरा आला. मग ती जमीन सगळ्यांना हवीशी झाली.

त्याच सुमारास आमच्या लोकांनी धम्म घेतला. मेलेलं ढोर ओढणार नाही, दवंडी पिटणार नाही, असं सात घरांनी गावाला सांगितलं. गिरणीत दळण बंद झालं. दुकानात मीठ बंद झालं. तरी सात घरं राहिली. मग घाटे भरलेल्या हरबऱ्यात गावाची ढोरं सोडली. दुपारी निरोप आला, दिवस मावळायच्या आत निघा. निघाले. जात्याची वरची तळी आजीनं डोक्यावर घेतली. खालची उचलेना, ती तिथंच राहिली. घाट चढून पायी चिखली. वडील तेव्हा आठ वर्षांचे होते.

हे सगळं वडिलांनी आम्हाला इतक्यांदा सांगितलं. आणि त्याच वडिलांची सही त्या चौथ्या ओळीखाली.

मला तो दिवसही आठवतो. मी सतरा वर्षांची, आज प्राची उभी होती तिथंच उभी. खुर्चीत बापूसाहेबांचे वडील. ते सांगत होते, कोणी लिहीत होतं. वडिलांनी पेन घेतला, कागद न वाचता सही केली आणि मला म्हणाले, "चाल, बस चुकीन." परत येताना बसमध्ये ते एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, ऊन लागलं असेल. माझ्या हातात दाखला होता. मी खूश होते.

माझं शिक्षण, माझी नोकरी, माझं पेन्शन त्या ओळीवर उभं आहे. वडिलांनी ती ओळ गिळली माझ्यासाठी. आणि मी त्याच माणसाच्या घरातल्या दुसऱ्या पिढीकडून तीच ओळ पोरीसाठी लिहून घ्यायला आले होते. बसचं आरक्षण करून.

"घे, सही कर," बापूसाहेब म्हणाले. "मंग मी करतो."

मी पेन खाली ठेवला. "ही ओळ काढा. 'गावाने बाहेर काढले' असं लिहा."

"कोनं काढलं? मी अकरा वर्साचा होतो, मले सगळं याद आहे. तुह्या बापानं याच जागी सही केली. तवा त्याले तोंड नव्हतं का?"

"तोंड होतं. दाखला तुमच्या हातात होता."

"मंग आजबी माह्याच हातात आहे." ते खुर्चीत मागे रेलले. "मर्जीनं गेले असं असन, तर सही. नाई तर जाय."

प्राचीनं माझा हात धरला. "आत्या, काऊन थांबली? कर ना सही. आपल्याले काय फरक पडते? मले ॲडमिशन पायजे."

तिचं चुकलं नाही. सतराव्या वर्षी मीही हेच म्हटलं असतं.

मी तलाठ्याला म्हटलं, "ढोरं घातली, दळण बंद केलं, दिवस मावळायच्या आत हाकललं. त्याला स्वखुशी म्हणतात, असं तुमच्या सहीशिक्क्यानं मला लेखी द्या. मग मी सही करते."

तलाठ्यानं पेनाला टोपण लावलं.

पायरीवरून आवाज आला. "मी पाह्यलं."

शांताबाई उठत होती, भिंतीला धरून. "लगन होऊन सा महिने झाले होते मले. ढोरं हाकलाले आमच्या घरचे मानसंबी गेले होते. माहा सासरा गेला होता. हरबरा पार लोळवला."

"शांते, तुले कोनं इचारलं?" बापूसाहेब ओरडले.

"कोनीच नाई इचारलं. आजलोक कोनीच नाई." ती माझ्याकडे वळली. "सही येत नाई बाई मले. अंगठा चालन का?"

पॅड माझ्या पिशवीत होता. यादीतली पाचवी वस्तू. तलाठ्यानं नवा कागद घेतला. शांताबाई बोलली तसं लिहिलं, एकदा मोठ्यानं वाचून दाखवलं. सासऱ्याचं नाव तिनं गाळू दिलं नाही. बापूसाहेब तोवर निघून गेले होते. खुर्ची रिकामी होती. आम्ही बसलो नाही.

परतीच्या बसमध्ये प्राची खिडकीकडे तोंड करून बसली. बुलढाणा आल्यावर फक्त एवढं बोलली, "एकच अंगठा झाला. दोन लागतात." खरं आहे. ती अजून माझ्याशी धड बोलत नाही. प्रवेश हुकला तर त्याचा दोष माझ्यावर, हे मी तिला सांगून ठेवलं आहे. पण ती ओळ मी तिसऱ्या पिढीच्या फाइलला लावणार नाही. माझ्या फाइलमधल्या जुन्या जबाबावर मी लाल शाईनं लिहिलं: चौथी ओळ खोटी. खाली माझी सही, तारीख.

गावातल्या पंचाहत्तरीच्या वरच्या माणसांची यादी शांताबाईनं सांगितली, मी लिहून घेतली. नऊ नावं. मागच्या दोन मंगळवारी सहा दारं झाली. एकानं ऐकू येत नाही म्हटलं, दोघं आठवत नाही म्हणाले. एकीनं चहा दिला, मग सून आडवी आली. दोन दारं उघडलीच नाहीत.

तीन राहिली. सोमवारी मुदत संपते. उद्या रजा टाकली आहे, सकाळची पहिली बस. साक्षीदार क्रमांक दोनची जागा कोरी आहे.