तेरा महिन्यांचे वर्ष

सहा जून १९९४, सोमवार, सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. अफझलगंजच्या आमच्या दुकानात मी एका शाळेच्या दप्तराचा पट्टा शिवत होतो. तेवढ्यात विक्रीकर खात्याचे एक अधिकारी आत आले. वडिलांनी त्यांच्यासाठी स्टूल पुसले आणि मागितलेली वही पुढे केली. अधिकाऱ्यांनी शेवटच्या पानावरची वर्षाची बेरीज दोनदा वाचली आणि म्हणाले, "मर्यादेच्या वर गेलात. नोंदणी नाही, कर नाही. पंधरा दिवसांत कागद घेऊन ऑफिसात या."

ठरावीक मर्यादेच्या आत विक्री असली तर छोट्या दुकानाला कर लागत नसे. आम्ही नेहमी आत असू. कर आणि दंड मिळून अधिकाऱ्यांनी जो अंदाज सांगितला, तेवढे पैसे उभे करायचे तर दोनपैकी नवी शिलाई मशीन विकावी लागणार होती. ती मशीन माझी होती. नववीत शाळा सुटल्यावर वडिलांनी मला तिच्यावर बसवले होते. ती गेली असती तर मी दुसऱ्याच्या दुकानात नोकरीला लागलो असतो.

शेजारचे कुलपांचे दुकानदार रहीमभाई सगळे ऐकत होते. ते वडिलांना म्हणाले, "कायकू मुंडी लटकाके बैठे, भाई? काचीगुडे में तुम्हारेच मरहट्टे साब हैं, हिसाब के. फीस लेते, डांटते भी. पन काम पक्का करते."

श्री. अनंतराव हुमनाबादकर यांची माझी ओळख अशी झाली. त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या अंकात माझ्याहून जास्त शिकलेले अनेकजण लिहीत आहेत. मी जे पाहिले तेवढेच लिहितो.

काचीगुडा स्टेशनजवळच्या त्यांच्या खोलीत एक टेबल, एक बाक आणि भिंतीला लागून कपाट, एवढेच सामान असे. आम्ही कागदांची पिशवी टेबलावर ठेवली आणि वडील म्हणाले, "साहेब, यातून काय ते काढा. मी परवा येतो."

अनंतरावांनी पिशवी उचलून परत वडिलांच्या मांडीवर ठेवली. "परवा कशाला? आत्ता बसा. एकेक बिल काढा आणि मोठ्याने वाचा."

"मी वाचू?"

"धंदा तुमचा आहे ना? मग तुमच्या तोंडून ऐकू द्या."

ही त्यांची रीत आजही तशीच आहे. कागद टाकून निघून जाणाऱ्याचे काम ते घेत नाहीत. माणूस स्वतःची बिले मोठ्याने वाचू लागला की मध्येच कुठेतरी अडखळतो आणि बहुधा चूक तिथेच सापडते. बाकावर बसलेले इतर लोकही ऐकत असतात. पहिल्या दिवशी मला त्याची फार लाज वाटली होती. नंतर मीही इतरांचे ऐकू लागलो आणि त्यातूनच पुष्कळ शिकलो.

वडील वाचत गेले. तासाभराने अनंतरावांनी हात वर केला. "थांबा. ही वही कधी सुरू केलीत?"

"पाडव्याला. कुंकू लावून. दर वर्षी तशीच करतो."

"आणि बंद?"

"पुढच्या पाडव्याच्या आदल्या दिवशी."

अनंतरावांनी कपाटातून जुने पंचांग काढले, पाने उलटली आणि माझ्याकडे पाहिले. "कारखानदार, मागच्या वर्षी अधिक महिना कोणता होता?"

मी वीस वर्षांचा होतो आणि मला कारखानदार म्हणणारे ते पहिलेच. मी चाचरत म्हणालो, "भाद्रपद."

"म्हणजे तुमच्या वहीत महिने किती?"

मी बोटांवर मोजले. तेरा होते.

आमच्याकडे आजोबांपासून पाडव्यालाच वही बदलली जाई. सरकारने सगळ्यांचे वर्ष एप्रिल ते मार्च असे एकच केले, हे आमच्या कानांवर आले होते. पण ते मोठ्या पेढ्यांसाठी असेल, असे आम्ही धरून चाललो. त्यामुळे अधिक महिन्याच्या वर्षी आमच्या वहीत तेरा महिन्यांची विक्री जमा झाली आणि बेरीज मर्यादेबाहेर गेली. एक एप्रिलला सुरुवात धरून मार्चअखेर रेघ मारली आणि बारा महिने मोजले तेव्हा विक्री मर्यादेच्या आत बसली. वडिलांनी डोळे मिटून हात जोडले.

"हात नंतर जोडा," अनंतराव म्हणाले. "अजून अर्धेच झाले आहे."

ही वही ज्या पाडव्याला सुरू केली, तो मार्चमध्येच आला होता. पाडव्यापासून मार्च संपेपर्यंतचे आठ दिवस सरकारच्या लेखी मागच्या वर्षाचे होते, आणि त्या आठ दिवसांत एका शाळेच्या दप्तरांचे मोठे बिल होते. या वर्षातून काढलेले ते बिल मागच्या वर्षात घातल्याबरोबर मागचे वर्ष मर्यादेबाहेर जात होते.

वडील हळूच म्हणाले, "साहेब, मागच्या वर्षाचं कोणी विचारलेलं नाही."

"नाही विचारलं. पण ते आठ दिवस या वर्षातून आपणच काढले. काढलेली वस्तू कुठेतरी ठेवायला नको का?"

"याची मशीन जाईल हो."

"ती जाऊ नये म्हणूनच सांगतोय. आपण होऊन सांगितलं तर कर भरावा लागेल, दंड कमी करा म्हणून मागता येईल, हप्तेही मागता येतील. त्यांनी शोधून काढलं तर यातलं काहीच मागायला तोंड राहणार नाही. आणि नाहीच शोधलं, तर पुढच्या पाडव्यापर्यंत तुम्हाला झोप लागेल का, ते तुम्ही ठरवा. पटत नसेल तर कागद घेऊन जा. आजची फी नको. पण अर्ध्या हिशेबावर मी सही करत नाही."

वडील उठून बाहेर गेले. मी कागदांकडे पाहत बसलो. खरे सांगायचे तर त्यांनी आत येऊन पिशवी उचलावी, असे मला वाटत होते. विडी ओढून ते परतले आणि बाकावर बसत म्हणाले, "करा साहेब. दोन्ही वर्षं करा."

ऑफिसात अनंतराव आमच्याबरोबर आले. तेरा महिन्यांची गोष्ट ऐकून अधिकारी हसले. "उगादी तो हमारे घर में भी होती, पंतुलुगारू. दफ्तर में नहीं होती." उगादी म्हणजे आपला पाडवा आणि पंतुलुगारू म्हणजे गुरुजी. अनंतराव म्हणाले, "इसीलिए तो दफ्तर का साल बनाकर लाए, साब." मग त्यांनी मागच्या वर्षाचा कागद स्वतःहून पुढे ठेवला. अधिकाऱ्यांचे हसू थांबले. त्यांनी दोन्ही कागद शेवटपर्यंत वाचले. या वर्षाची कराची मागणी रद्द झाली. मागच्या वर्षाचा पूर्ण कर, थोडा दंड, चार हप्ते, असे ठरले. ते हप्ते आम्ही जास्तीची दप्तरे शिवून फेडले. मशीन दुकानातच राहिली.

ती सगळी वर्षे धांदलीची होती. देशाची दारे उघडली, असे रोज वर्तमानपत्रात येई. अमीरपेटेत संगणकाचे वर्ग निघाले आणि त्यांना नाव छापलेल्या बॅगा हव्या असत, पण पक्के बिल देणाऱ्याकडूनच. कोठीच्या दुकानांत दिल्लीच्या स्वस्त बॅगा आल्या. कच्च्या चिठ्ठीवर धंदा करणारे आमच्यासारखे कितीतरी लोक तेव्हा गोंधळून अनंतरावांच्या बाकावर येऊन बसले. ते कुणाला घाबरवत नसत आणि खोटा धीरही देत नसत. मी प्रत्येक बेरीज चार-चार वेळा तपासतो, हे पाहून ते एकदा म्हणाले, "भीती वाईट नाही. फक्त ती बेरजेआधी वापरावी. नंतर तिचा उपयोग नसतो."

मिरची दळून विकणाऱ्या लक्ष्मम्मा त्यांच्याकडे येत. त्यांना वाचता येत नव्हते, त्यामुळे बिले वाचण्याची रीत त्यांना लागू पडेना. अनंतरावांनी स्वतःच्या घरचे चार डबे आणले आणि प्रत्येकाला वेगळा रंग दिला. खरेदीची चिठ्ठी लाल डब्यात, विक्रीची हिरव्यात, मजुरीची पिवळ्यात, घरखर्चाची पांढऱ्यात. महिनाअखेर लक्ष्मम्मा डबे घेऊन येत, एकेक चिठ्ठी हातात धरत आणि ती कशाची ते तेलुगूत सांगत. एकदा पांढरा डबा गच्च भरलेला पाहून अनंतरावांनी विचारले, "एवढा खर्च कशाचा, अम्मा?" त्या म्हणाल्या, "जावई आले होते. त्यांना कोणत्या डब्यात घालू?" त्या दिवशी अनंतरावांना हसू आवरेना. पुढे लक्ष्मम्मांना बँकेचे कर्ज मिळाले तेव्हा बँकेने मागितलेला प्रत्येक आकडा त्यांनी तोंडी सांगितला.

अनंतरावांचे गुडघे अलीकडे दुखतात, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी संध्याकाळी वाचू नका म्हणून सांगितले आहे. ते हे ऐकतील असे वाटत नाही. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. दुपारची झोप मिळो. बाकावर बसणारे आम्ही सगळे असे तयार होवोत की आमचे वाचून संपण्याआधी त्यांना हात वर करावा लागू नये.

साठीच्या समारंभासाठी नेमलेल्या समितीने त्याचा जमाखर्च माझ्याकडे दिला होता. तो इथेच मांडतो. ज्यांची प्रकरणे अजून चालू आहेत अशा तिघांची वर्गणी मी घेतली होती. अनंतरावांना कळताच त्यांनी ती परत करायला लावली. "काम अर्धं असताना हार कसला घालता?" असे ते म्हणाले. त्यामुळे तूट आली आहे.

जमा वर्गणी ३१५० रुपये. खर्च: छपाई २६००, सभागृहाचे भाडे ३५०, शाल-श्रीफळ व हार २४०, चहा-फराळ ३००. एकूण ३४९०. छापखान्याचे देणे ३४० रुपये. ते मी माझ्या मशीनच्या कामातून महिनाअखेर देईन.