एकोणसाठ अंश पंच्याहत्तर मिनिटं

सेलोकर सर गेल्याचं कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. पाठोपाठ ‘आदर्श शिक्षक’, ‘भरून न निघणारी पोकळी’ अशी रांग लागली. मी काहीच लिहिलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात... म्हणून महिनाभर गप्प बसले. आता पुरवणीसाठी लिहायला सांगितलंच आहे, तर खरं तेच लिहिते. भंडाऱ्यातल्या आमच्या कॉलेजात ते भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख होते. मी आधी त्यांची विद्यार्थिनी, नंतर सहकारी, आणि दोन्ही वेळा माझा त्यांच्यावर राग होता.

बी.एस्सी.ची तीन वर्षं आम्ही प्रिझमचा कोन मोजायचा स्पेक्ट्रोमीटर काचेच्या कपाटातच पाहिला. किल्ली सरांच्या खिशात. तास सुटला की ते कुलूप दोनदा ओढून पाहायचे. जर्नल मात्र पूर्ण लागे. मग मागच्या वर्षीच्या जर्नलातून आकडे उतरवायचे. मी आसगावची, धानाच्या बांधीत वाढलेली. एकदा म्हटलं, “सर, धानाची रोवणी काय चित्र पाहून येते? एकदा तरी हात लावू द्या ना.” ते हसले. “कायले पायजे तुले खरं रीडिंग? उत्तर तं माहीत आहे ना! काच आहे ते पोरी, फुटली तं कमिटीले काय दाखवू?” पुढे नागपूरला एम.एस्सी.च्या पहिल्याच प्रात्यक्षिकात डोळा कुठल्या नळीला लावायचा, हेच मला कळेना. सगळे फिदीफिदी हसले. त्या हसण्याबद्दल मी सरांना कधीच माफ केलं नाही.

शिकवायला परत त्याच विभागात आले. पहिल्याच वर्षी जर्नलं तपासताना थबकले. प्रिझमचा कोन : ५९ अंश ७५ मिनिटं. अंशाचीही मिनिटं साठच असतात, घड्याळासारखी. पंच्याहत्तर येतीलच कशी? दुसऱ्या जर्नलात तेच, तिसऱ्यातही. आणि मग माझं जुनं जर्नल आठवलं... चूक माझी होती. सत्तावन्न उतरवताना माझे आकडे उलटे पडले होते, आणि ते जर्नल मी ज्युनिअर मुलींना देऊन गेले होते. तेव्हापासून प्रत्येक वर्गाने ती चूक इमानदारीने उतरवली, आणि सरांनी प्रत्येक वेळी तिच्यापुढे लाल पेनाने ‘बरोबर’ची खूण केली. मी जर्नल त्यांच्या टेबलावर आपटलं. “बरोबरच तं आहे,” ते म्हणाले. “काहून तमाशा करून राहिली?” त्यानंतर मी प्राचार्यांकडे अर्जावर अर्ज दिले. कपाट उघडलं नाही.

तेरवीनंतर काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, किल्ली माझ्या हातात ठेवली. “याच्यासाठीच भांडत होत्या न तुम्ही? घ्या.” दुसऱ्याच दिवशी कपाट उघडलं. यंत्र नवंकोरं होतं, पण वंगण सुकून गोंद झालेलं. जपून जपून त्यांनी ते जाम करून ठेवलं होतं! तेल घालून, पुसून ते फिरतं केलं. वर्गातली आंबागडची प्रणाली पहिल्यांदा वाकली, तिचं बोट भिंगाजवळ गेलं, आणि मी ओरडले, “हात लावू नोको, पोरी! काच आहे ते.”

प्रणालीने मुकाट्याने हात मागे घेतला आणि मागच्या वर्षीचं जर्नल उघडलं. सरांचा तेव्हा आला तेवढा राग मला आयुष्यात आला नव्हता. मी जर्नल मिटलं, किल्ली तिच्या हातात दिली आणि म्हटलं, “आता ही तुझ्याकडेच राहील.”

किल्ली अजून तिच्याच दप्तरात असते. पण तास सुटला की बाहेर पडताना मी कपाटाचं कुलूप ओढून पाहते... दोनदा.